डोळा उघडलेलं फळ

ऑक्टोबर लागला की आमच्या ग्रुपवर सफरचंदं लगडतात. कोणी हिमाचलात किन्नौरला गेलेलं, कोणी कोटगढला. लाल फांदीखाली उभं राहून काढलेला फोटो आणि खाली चार ओळींची कविता. ती बहुतेक वेळा कोणाच्या तरी गालांवर येऊन थांबते. सफरचंदाशी माझं वैर नाही. अमेरिकेतून येऊन हिमाचलात स्थायिक झालेल्या सॅम्युएल स्टोक्सने 1916 च्या सुमारास कोटगढच्या उतारावर अमेरिकेतली डेलिशस जात लावली आणि त्या डोंगराचं नशीब पालटलं, हे खरंच आहे. पण त्या झाडाला हिवाळाभर कडक थंडी लागते. आपल्याकडे हौशी शेतकरी आता कमी थंडीत येणारी एचआरएमएन-99 ही सफरचंदाची जात लावतात, तर तिची फळं जूनमध्येच उतरवायला येतात. म्हणजे खानदेशात बसून शरदातली सफरचंदाची बाग बघायची सोयच नाही. आपला शरद सीताफळाचा. म्हणून नवरात्रात चाळीसगाव गाठलं.

मित्राच्या वडिलांची, नानांची, बाग अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी आहे. तिकडे जाण्याआधी पाटणादेवी करायची ठरली होती. चाळीसगावापासून अठरा-वीस किलोमीटर. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, वेचणीला बाया वाकलेल्या, आणि ऊन असं की याला शरद म्हणणाऱ्या कवींनी दुपारी घराबाहेर पाऊल टाकलं होतं की नाही अशी शंका यावी. देवळात यात्रेची गर्दी. नारळ, उदबत्त्या, रांग. रांगेविषयी लिहिण्यासारखं काही नाही.

लिहिण्यासारखा आहे तो इथला शिलालेख. तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, त्याची ही नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात ती उजेडात आणली. आजोबांचं गणित श्लोकांत होतं, हे आपण शाळेत ऐकून विसरतो. 1150 च्या ‘लीलावती’त भुंग्यांचं एक कोडं आहे: थव्यातले एक पंचमांश कदंबावर गेले, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्यावर, आणि एक बिचारा केवडा आणि मालतीच्या वासात अडकून हवेतच भिरभिरतोय, तर थवा केवढा? उत्तर पंधरा. देवळामागच्या रानात कुड्याच्या शेंगा लोंबत होत्या. भास्कराचार्य इथलेच, असं चाळीसगावचा माणूस छातीठोकपणे सांगतो. पंडितांमध्ये त्यावर वाद आहे. मला त्या वादात रस नाही. मोजता मोजता कविता करणारा माणूस आपल्या मुलखाशी जोडलेला आहे, एवढं मला पुरे.

उन्हं कलल्यावर बागेत पोहोचलो. पाच बाय पाच मीटरवर लावलेली झाडं, पुरुषभर उंचीची. पहिल्या नजरेला निराशाच होते. फळ हिरवं, पानही हिरवं, त्यात काय बघायचं? फोटो काढला तर नुसता पाला आला. नाना म्हणाले, “लांबून नका पाहू, खाली बसा.” बसलो, तेव्हा दिसलं. फळावर पिठूळ पांढरट थर असतो. खवले एकमेकांना घट्ट चिकटलेले असतील तर फळ कच्चं. खवल्यांमधल्या फटी रुंदावल्या आणि तिथे पिवळसर दुधी रंगाची रेघ दिसू लागली, की डोळा उघडला. मग ते तोडायचं. ओढायचं नाही, तळहातात धरून हलकी पीळ द्यायची, देठ थोडा राहू द्यायचा. अढीत दोन-तीन दिवसांत मऊ होतं. एक दिवस जास्त गेला की बोट आत जातं आणि व्यापारी नाक मुरडतो.

एका फांदीवर मुंग्यांची ओळ चढत होती. वर पाहिलं तर फळाच्या खाचांत कापसासारखा पांढरा मिलीबग, म्हणजे रस शोषणारी कीड. मुंग्या त्याचा गोड स्राव चाटतात आणि त्याला राखतात. शेजारी काळं पडून वाळलेलं, दगडासारखं फळ तसंच लटकत होतं. सफरचंदाच्या फोटोत असली फळं कधी येत नाहीत. गोल्डन जातीची दोन ओळी झाडं वेगळी आहेत. बिया कमी, गर जास्त, टिकतंही. नानांना पैसे तिच्यातून मिळतात, पण खायला ते जुन्या गावठी झाडाकडेच वळतात. मीही तेच खाल्लं. बिया थुंकत गप्पा मारायच्या असतील तर गावठीच हवं. बांधावरच्या शेळ्या सगळं ओरबाडत होत्या, सीताफळाचा पाला तेवढा सोडून. या उघड्या डोंगरांवर हे झाड आपोआप कसं टिकलं, ते तिथे कळतं.

तोडणीला नानांच्या घरच्या जिजी आणि शेजारच्या दोघी होत्या. गावात भुलाबाई बसलेली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायला लावतात. त्याच चालीवर जिजी तोडता तोडता अहिराणीत गुणगुणत होत्या:

डोया उघडना फयना व बाई,
माले लेवाले भाऊ का येत नई?

म्हणजे फळाचा डोळा उघडला, मला न्यायला भाऊ का येत नाही? पुढच्या ओळीत सासू पाच-पाच करून फळं मोजते आणि सून सहावं पदरात लपवते. दोघी खळखळून हसल्या. मी विचारलं, हे भुलाबाईचं जुनं गाणं का? “कसानं जुनं! हाई आतेच जुळनं,” जिजी म्हणाल्या. माझ्या डोक्यात आसोद्याच्या बहिणाबाई आल्या. 1880 ते 1951. अक्षरओळख नाही, जात्यावर आणि शेतात ओव्या जुळवल्या. त्या ओव्या पुस्तकरूपाने आल्या 1952 मध्ये, बहिणाबाई गेल्यावर. बाग बघायला गेलेल्याला जी कविता सुचते तिच्यात बाग असते आणि तो स्वतः असतो. तोडणाऱ्या बाईच्या गाण्यात सासू असते, माहेर असतं, मोजदाद असते, आणि फळ आपलं मधूनच येतं. मला दुसरी आवडते. पहिलीला लाइक जास्त मिळतात, ते ठीकच आहे.

मी घाईने फोन बाहेर काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. जिजींनी पदर सावरला आणि गप्प झाल्या. “आते कसानं गानं? फये मोजाना शेतस.” मोजणी सुरू झाली, पाच-पाचच्या हातांनी. मला अर्थातच मोजायला बसवलं, आणि माझा आकडा दोनदा चुकीचा निघाला.

जायचं असेल तर दसरा ते दिवाळी हा काळ चांगला. पाटणादेवीचं रान गौताळा अभयारण्यात येतं, तिथल्या झाडांना हात लावू नका. फळ घ्यायचं तर कन्नड घाटाच्या रस्त्यावर पाट्या घेऊन बसलेल्या बायांकडून घ्या. दाबून बघू नका, त्या ओरडतात आणि बरोबर ओरडतात. डोळे उघडलेली निवडा, घरी गव्हात किंवा बाजरीच्या भुश्यात ठेवा. वर एक मागितलं तर देतात.