दादाचा रिपोर्ट

मंगळवार, रात्र. अमळनेर.

दादाचा रिपोर्ट आला. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी. वहिनींना केवढं हायसं वाटलं! "म्हणजे हार्मोनचंच आहे ना भाऊजी, इंजेक्शन दिलं की झालं." त्यांचा दिलासा हिरावून घ्यायचा नव्हता, तरी मला ते एवढ्यावर सोडवेना.

दादा पन्नाशी ओलांडलेला. कापसाच्या भावावरून व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करणारा माणूस यंदा वेचणी सुरू झाली तरी शेताकडे फिरकला नाही. पोरावर खेकसतो, पहाटे तीनला उठून ओट्यावर बसतो. मळ्यात पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायचा मान दरवर्षी त्याचा, परवा ताट पुढे आलं तर म्हणाला, "माले काहीच गोड लागत नही." पुरुषाची उदासी पुष्कळदा अशी चिडचिडीच्या रूपात येते, म्हणून घरात कुणी तिला उदासी म्हणत नाही. स्वभाव बिघडला म्हणतात.

बाईची पाळी जाते तसं पुरुषाचं होत नाही. चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन वर्षाला साधारण एक टक्का उतरतं, तेही सगळ्यांचं सारखं नाही. युरोपातल्या आठ केंद्रांत ४० ते ७९ वयाचे तीन हजारांवर पुरुष तपासले होते. २०१० मध्ये ते प्रसिद्ध झालं. कमी हार्मोन आणि त्याची ठरावीक लक्षणं एकत्र असलेले जेमतेम दोन टक्के निघाले. ही ठरावीक लक्षणं मुख्यतः लैंगिक: इच्छा कमी होणं, सकाळची ताठरता जाणं. उदासीचा आणि हार्मोनचा संबंध त्यात कमकुवत दिसला. आणि कारण उलटंही असू शकतं. सुटलेलं पोट, साखर, घोरण्यातली तुटकी झोप, दारू, यांनीही हार्मोन उतरतं. दादाचं पोट आणि साखर दोन्ही वाढलेलं आहे.

शिवाय रक्त दिलं दुपारी जेवून. हे हार्मोन सकाळी सर्वांत जास्त असतं. म्हणून उपाशीपोटी, सकाळी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा तपासल्याशिवाय निदान करत नाहीत. थायरॉइड आणि बी-१२ सोबतच बघून घ्यायचं. खरंच कमी निघालं तर उपचार जरूर व्हावा, पण डॉक्टरच्या देखरेखीत, कारण त्या इंजेक्शनांनी रक्त घट्ट होऊ शकतं, प्रोस्टेटवरही लक्ष ठेवावं लागतं. जिमवाल्या पोरांकडून आणायची ती वस्तू नव्हे.

संध्याकाळी वहिनी आत गेल्यावर मी सरळ विचारलं, "दादा, जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्यानं माणसाच्या डोक्यात विचार भरत नाही, हे मला माहीत होतं, तरी छाती धडधडत होती. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "कधीमधी येस मनमा."

फवारणीच्या औषधाचे सगळे डबे खळ्यातून उचलून मी माझ्याकडे कुलपात ठेवले. त्याला सांगून ठेवले, लपवून नाही. तो नको म्हणाला नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या आणि वहिनींच्या, दोघांच्या फोनमध्ये घातला; तिथे मराठीत बोलता येतं, रात्रीही.

रक्त पुन्हा सकाळी द्यायचंच आहे. पण उद्या आधी धुळ्याला मानसोपचाराच्या डॉक्टरकडे. "वेड्यांचा डॉक्टर कशाला?" असं वहिनी म्हणाल्या, तेव्हा दादानंच मान वर केली. "जाऊ दे ना, जाई येसू," म्हणाला. सकाळची पहिली एस.टी. धरू. वहिनीही सोबत येणार आहेत.