डागी भाजीचा खोका आणि अकरा गुरुवार

लहानपणी आमच्या ताटात द्राक्षाचा अख्खा घड कधी आला नाही. निफाड तालुक्यातलं गाव, तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, आणि आप्पांचा नियम एकच: घड व्यापाऱ्याचा, गळ घरची. कॅरेट उचलल्यावर खाली कागदावर राहिलेले सुटे मणी, देठाशी तडकलेले, एका अंगाला ऊन लागून तांबूस झालेले, असे पाटीभर गोळा करून आई धुवायची आणि आम्ही दोघं भावंडं ओसरीवर बसून ते संपवायचो. म्हणून 'दिसायला डावी, चवीला तीच' असं सांगत डागी फळं-भाज्यांचा खोका घरपोच देणारी एक सेवा नाशकात सुरू झाल्याचं कळलं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी नाव नोंदवलं. नोव्हेंबर ते जानेवारी, अकरा गुरुवार खोका घेतला. मग बंद केला. का बंद केला, हे ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी अंबडला एका कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे वही आपोआप उघडली गेली. खोका पाच किलोचा, २६० रुपयांना, पोहोचवण्याचा खर्च त्यातच. अकरा खोक्यांत यायला हवं होतं ५५ किलो, आलं ५३ किलो ४०० ग्रॅम. निवडून, कापून टाकलं १० किलो २०० ग्रॅम. हाती लागलं ४३ किलो २०० ग्रॅम, आणि पैसे गेले २,८६०. म्हणजे खाण्याजोगी भाजी किलोला ६६ रुपयांना पडली. त्याच भाज्या गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, माझ्या हाताने निवडून, टाकाऊ भाग वजा करून, ५४ ते ६० रुपयांत बसत होत्या. शिवाय दर गुरुवारी रात्री माझी आणि सासूबाईंची मिळून पाऊण तास निवडानिवड.

पण किलोमागे सहा-बारा रुपयांसाठी मी काही बंद करणार नव्हते. शेतातलं वाया जाणारं माझ्या कढईत येत असेल तर तेवढे रुपये मी आनंदाने दिले असते. खटकलं ते त्या १० किलो २०० मध्ये. टक्केवारी काढली तर एकोणीस. लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संशोधन संस्थेने २०१५ मध्ये देशभरातल्या काढणीनंतरच्या नुकसानीचे आकडे दिले होते. त्यात टोमॅटोचं नुकसान १२.४४ टक्के आणि पेरूचं सर्वांत जास्त, १५.८८ टक्के. माझ्या स्वयंपाकघरात त्याहून जास्त फेकलं जात होतं. शेतातली नासाडी वाचली नव्हती, तिचा पत्ता फक्त बदलला होता. बांधावर पडली असती तर निदान मातीत गेली असती. आता ती प्लॅस्टिकच्या पिशवीत, गाडीचं पेट्रोल जाळून माझ्या दारात येत होती आणि सकाळी घंटागाडीत जात होती.

असं का झालं, ते पहिल्या आणि चौथ्या आठवड्यातल्या फरकावरून समजलं. पहिल्या खोक्यात दोन पायांची गाजरं होती, कोयत्यासारखा वाकलेला दुधी, पिवळसर फ्लॉवर आणि सालीवर उन्हाचे करपट चट्टे पडलेली तीन डाळिंबं. एकही गोष्ट वाया गेली नाही. गाजराला पाय फुटतात ते वाढताना मुळाच्या वाटेत खडा किंवा ढेकूळ आलं म्हणून. फ्लॉवर पिवळा पडतो तो गड्ड्यावर ऊन पडल्याने. पांढराशुभ्र हवा असेल तर वरची पानं त्यावर मोडून किंवा बांधून ठेवावी लागतात, आणि त्याला माणूस लागतो. डाळिंब फोडलं तर आत लालभडक दाणे. सासूबाई दाणे सोडवता सोडवता म्हणाल्या, "अगं, ह्याला डागी कोण म्हणतं?" त्या रात्री मला फार बरं वाटलं.

चौथ्या आठवड्याआधी अवकाळी पाऊस झाला. खोक्यात दोन किलो टोमॅटो, सगळे तडकलेले. टोमॅटोच्या भेगा दोन तऱ्हेच्या असतात, हे गावी वाढल्यामुळे मला ठाऊक आहे. देठाभोवती गोल फिरलेली, वाळून खपली धरलेली भेग जुनी असते, फळाने ती स्वतःच बुजवलेली असते. तो टोमॅटो चार दिवस खुशाल राहतो. देठापासून खाली उभी गेलेली ओली भेग ताजी. कोरड्यानंतर एकदम पाणी मिळालं की गर फुगतो, सालीला तेवढं ताणता येत नाही, ती फाटते आणि बुरशीला दार उघडं मिळतं. आमच्या खोक्यातल्या भेगा सगळ्या उभ्या होत्या, आणि टोमॅटो बंद पिशवीत घातल्यामुळे पिशवीला आतून पाणी सुटलेलं. शुक्रवारी सकाळपर्यंत निम्म्यांवर पांढरी लव आली. मऊ फळावर बुरशी दिसली की तेवढा भाग कापून उरलेलं मी वापरत नाही, कारण ती दिसते त्याच्याही आत गेलेली असते.

मी फोटो पाठवले. उत्तर आलं की आमचा माल डागीच असतो, आपल्याला पुढच्या खोक्यावर सवलत देत आहोत. मला त्या उत्तराचा राग आला, अजूनही येतो. डागी म्हणजे नासकं नव्हे. आमच्या भागात प्रत्येक खोडीला वेगळं नाव आहे. कांद्यात बारीक गोल्टी वेगळी, दोन जुळलेला जोड वेगळा, फुलाचा दांडा आलेला डेंगळा वेगळा, आणि लिलावात प्रत्येकाचा भाव वेगळा निघतो. डाळिंबावरचा उन्हाचा चट्टा वेगळा आणि तेल्या रोगाचा डाग वेगळा. तेल्याचं फळसुद्धा फुटलेलं नसेल तर आतले दाणे बहुधा चांगले निघतात, पण ते लवकर संपवावं लागतं. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा चट्टा असेल तर तो पाण्याच्या पाळ्या चुकल्याने फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याचा. तेवढा कापून बाकीचा त्याच दिवशी रश्श्यात घालावा. आणि हिरवा पडलेला बटाटा मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण तो हिरवेपणा सोलॅनिन नावाचं विष वाढल्याची खूण असते. आम्हाला नवव्या आठवड्यात तेही आले. या सगळ्याला एकच शब्द लावून एकाच खोक्यात भरलं की शेतकऱ्याचंही ज्ञान वाया जातं आणि माझंही.

मग मी भावाला फोन केला. त्याच्याकडे आता द्राक्षासोबत एकरभर टोमॅटो आणि थोडं गाजर असतं. मी विचारलं, वाकडं-तिकडं अर्ध्या भावात का देत नाहीस कुणाला? तो म्हणाला, "ताई, वाकडं गाजर उपटायला बाई अर्धी मजुरी घेते का?"

हे मला शेतकऱ्याची मुलगी असून सुचलं नव्हतं. टोमॅटो डागी असो की चांगला, खुडायची मजुरी तीच, वीस किलोच्या जाळीचं भाडं तेच, पिंपळगावच्या बाजारापर्यंत पिकअप तीच, हमाली-तोलाई तीच. जाळीमागे हा खर्चही निघत नसेल तर फळ झाडावर सोडणं त्याला परवडतं. म्हणून डागी मालाचा भाव एका मर्यादेखाली आला की तो घरपोच येतच नाही, किंवा आला तर कुणाच्या तरी अंगावर पडून येतो. माझ्या २६० रुपयांतले शेतात किती पोहोचतात, हे मी त्या सेवेला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शेतकऱ्यांबद्दलच्या आदराची वाक्यं आली, आकडा आला नाही.

बुधवारच्या बाजाराचंही सांगायला हवं. दिवेलागणीला घाटावर भाजीवाल्या उरलेल्या मालाचे वाटे लावतात. पाच-सहा वांगी, एखादं किडकं, दहा रुपये वाटा. ते घ्यायला बायका मुद्दाम सातनंतर येतात. म्हणजे नाशकात डागी भाजीला गिऱ्हाईक नव्हतं असं कधीच नव्हतं. ते गिऱ्हाईक गरीब होतं, एवढंच. त्या वाट्यांमधला माल खोक्यात घालून माझ्यासारखीला ६६ रुपयांनी विकण्यात काही वाचवल्याचं समाधान मी घेऊ शकत नाही. शेतात सुटलेलं, बाजारापर्यंत येणारच नव्हतं असं काही कुणी उचलून आणत असेल तर ती गोष्ट वेगळी.

आमच्या मजल्यावरच्या काकू ऐंशीच्या पुढच्या आहेत. घरपोच भाजीची खरी गरज त्यांना, बाजाराच्या पायऱ्या त्यांच्याने उतरवत नाहीत. त्यांनीही दोन खोके घेऊन पाहिले. पण वाकडातिकडा सुरण सोलायला, फुटकी भेंडी निवडायला बोटांत जी ताकद लागते ती त्यांच्याकडे नाही. अशा माणसाला सरळ, साफ भाजीच पाठवावी.

परदेशात हे सगळं बरंच आधी सुरू झालं. युरोपीय संघात काकडी किती वाकलेली चालेल याचाही १९८८ पासून नियम होता. २००९ मध्ये २६ फळं-भाज्यांवरचे असे नियम काढून टाकले. काकडी सुटली, गाजर सुटलं. ज्या दहांचे नियम कायम राहिले त्यांत टोमॅटो आहे आणि खायची द्राक्षंही आहेत. फ्रान्समधल्या इंटरमार्शे या दुकानांनी २०१४ मध्ये बेढब फळं-भाज्या तीस टक्के कमी भावात मांडल्या, आणि त्याची खूप चर्चा झाली. मला त्यात आवडलं ते हे की बेढब फळ तिथे समोर मांडलेलं होतं, गिऱ्हाईक ते हातात घेऊन बघू शकत होतं.

द्राक्षावरूनच आम्हाला आमची वाट मिळाली. जानेवारीत निफाडची थंडी काय असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. पारा फार उतरला की पिकत आलेल्या हिरव्या थॉमसनचे काही मणी गुलाबी होतात. बागाईतदार त्याला पिंक बेरीच म्हणतात. गोडीला काही होत नाही, टिकायलाही बऱ्यापैकी, पण निर्यातीचा व्यापारी हिरवा, एकसारखा रंग मागतो आणि १८ मिलिमीटरचं माप लावतो. गुलाबी मणी दिसला की घड बाजूला. यंदा भावाच्या बागेत दोन ओळी अशा निघाल्या. लोकलचा व्यापारी किलोला २२ म्हणाला. मी आमच्या इमारतीतल्या सहा घरांना विचारलं, काय झालंय ते नीट सांगितलं, आणि ४० ठरवले. भाऊ नाही तरी कामाला नाशकात येतोच, त्याच पिकअपमध्ये चार कॅरेट आले. प्लॅस्टिक नाही, ज्याने त्याने आपलं पातेलं आणायचं. साठ किलोंतले अर्धा किलो मणी टाकले असतील. उरलेल्या सुट्या मण्यांचे सासूबाईंनी गच्चीवर मनुके केले.

मार्चमध्ये आप्पा डोळे दाखवायला आले होते. टेबलावर गुलाबी घड बघून त्यांनी एक मणी तोडला, उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं, "हे कुणी ४० नं घेतलं?" मी सहा घरांची नावं सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग अख्खा घड उचलून ताटात घेतला.

आता उन्हाळ कांदा निघतोय. भावाकडे जोड कांदा पाच-सहा पोती बाजूला पडलाय; दोन डोळ्यांचा असल्याने तो फार टिकत नाही, कांदाचाळीत भरता येत नाही. इमारतीतल्या सहाची आता नऊ घरं झाली आहेत. सोलायला वेळ लागेल आणि जूनच्या आत संपवावा लागेल, हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय. तरी सात घरांनी होकार दिलाय, रविवारी पिकअप येईल.