पायरीला लावलेली टाकी

शेजारचे आजोबा गेले त्याला काल सोळा दिवस झाले. काल शनिवार म्हणून चर्चमध्ये त्यांची स्मरणसभा ठेवली होती. दफन मात्र मे महिन्यात. अमेरिकेतल्या या व्हर्मॉंट राज्यात हिवाळ्यात जमीन इतकी गोठते की खड्डा खणणं अवघड, म्हणून शवपेटी तोवर स्मशानभूमीच्या कोठडीत ठेवतात. त्यांच्या सुनेनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. गेलेल्या माणसाला एवढं ताटकळत ठेवायचं? रात्रभर मला त्याचा राग येत होता.

आजोबा शिल्पकार होते. बॅरी हे आमचं गाव ग्रॅनाइटचं. इटलीतल्या कारारा भागातून संगमरवर घडवणारे कारागीर शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी इथं आले आणि या करड्या, कठीण दगडावर हात चालवू लागले. आजोबांचे वडील त्यांच्यातलेच. बंद शेडमध्ये हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं आली, काम भराभर होऊ लागलं आणि बारीक धूळ छातीत साठत गेली. सिलिकोसिसनं, म्हणजे दगडाच्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगानं, इथल्या घराघरातली कर्ती माणसं नेली. धूळ ओढून घेणारी यंत्रं शेडमध्ये सगळीकडे बसली ती 1930च्या दशकाच्या अखेरीस. आजोबांच्या वडिलांच्या छातीचं तोवर व्हायचं ते झालं होतं.

1895मध्ये सुरू झालेल्या इथल्या होप सिमेटरीत आजोबांनीच मला पहिल्यांदा नेलं. तिथं एलिया कॉर्ती या शिल्पकाराचा पुतळा आहे. 1903 साली इथल्या कामगारांच्या सभागृहात झालेल्या भांडणात गोळी लागून तो गेला. त्याच्या माणसांनी त्याला बसलेला घडवलाय, कोटाच्या गुंड्यांसकट, आणि पायाशी त्याची हत्यारं. आजोबा त्या दगडी हत्यारांवरचा बर्फ हातमोज्यानं झटकायचे, चेहऱ्यावरचा नाही.

एकदा मी त्यांना वेरूळच्या कैलास लेण्याचे फोटो दाखवले. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलाय, बाराशे वर्षांपूर्वी, असं सांगताना माझा आवाज जरा चढलाच होता. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, "धूळ कुठं जात होती?" इतक्या वेळा वेरूळला गेले, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. वर आकाश मोकळं आहे, एवढंच मी सांगू शकले. "मग बरं," म्हणाले.

कालच्या सभेत फुलांशेजारी टेबलावर त्यांच्या छिन्न्या आणि हातोडा मांडला होता. इथले बरेच जुने इटालियन कारागीर समाजवादी, अराज्यवादी. चर्चला लांबून नमस्कार करणारे. आजोबांचे वडील कधी आत आले नाहीत, आजोबा लग्नानंतर बायकोबरोबर येऊ लागले आणि ती गेल्यावरही येत राहिले, शेवटच्या बाकावर. एकेक जण उठून बोलत होता. कुणाच्या तान्ह्या बाळाच्या थडग्यावर त्यांनी कोकरू कोरून दिलं होतं, पैसे न घेता. बोलणारी बाई आता सत्तरीची, आणि ते बाळ म्हणजे तिचा भाऊ.

आपल्याकडे कारागिराला असं कोण आठवतं, हा विचार आलाच. मग लगेच सासवण्याचं करमरकरांचं घर आठवलं. पुण्यातला 1928चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा घडवणाऱ्या माणसाची शिल्पं तिथं अजून जपली आहेत. आपणही विसरत नाही. पण दारावर येऊन जात्याला टाकी लावून देणाऱ्या बाईचं नाव माझ्या आजीला तरी माहीत होतं का? मला नक्कीच नव्हतं.

सभेला आजोबांचा धाकटा मुलगा अलास्काहून आला होता. लांबची माणसं पोचावीत म्हणून इथं सावकाशीनं ठेवतात, असं सुनेनं सांगितलं, तेव्हा माझा राग कुठे गेला कळलं नाही. बाबा गेले तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचले होते. अस्थीसुद्धा तोवर आणून ठेवलेल्या. कुणी मला बोललं नाही, थांबणं शक्यही नव्हतं. तिकीट त्याच रात्री काढलं होतं, मधे बर्फामुळे विमान अडकलं. हे मी आईला अनेकदा सांगितलंय, तिनं न विचारता.

चर्चची पुढची पायरी झिजून गुळगुळीत झाली होती, हिवाळ्यात लोक घसरायचे. दोन वर्षांपूर्वी आजोबांनी गुडघे टेकून तिच्यावर बारीक खाचा पाडल्या. मी जवळ उभी होते. याला आम्ही टाकी लावणं म्हणतो, असं त्यांना सांगितल्यावर तो शब्द त्यांनी तीनदा म्हणून पाहिला. 'ट' काही जमला नाही.

काल बाहेर पडताना पायरीवर बर्फाचा पातळ थर होता. सून पुढे आणि तिच्यामागे मी, दोघी कठडा न धरता उतरलो.