एका कुरणातले तीस दिवस

दव उडायच्या आत कुरणात शिरलो. अडीच एकर रान, चार गाई आणि विजेच्या तारेने पाडलेले दहा-दहा गुंठ्यांचे दहा कप्पे. एका कप्प्यात तीन दिवस चरायचं, मग पुढचा. मी उलट्या दिशेने निघालो. गाई नुकत्या हलल्या होत्या त्या कप्प्यापासून मागे, म्हणजे दर तारेपलीकडचं गवत तीन दिवसांनी थोरलं.

पहिल्याच कप्प्यात वाकून बुडख्याशी मूठ टेकवली. शेंडे मुठीच्या जरासे वर. साधारण ८-१० सेंटीमीटर. याखाली गाईचं तोंड जाऊ द्यायचं नाही. फुटव्याची शिदोरी बुडख्यातच असते आणि जंतांच्या अळ्यांची गर्दीही बहुतेक खालच्या ५ सेंटीमीटरमध्येच.

दुसऱ्या कप्प्यात कोवळी पोपटी पाती वर आलेली. तीनच दिवस का, ते इथे कळतं. गाई अजून इथे असत्या तर आधी हाच कोंब खुडला असता. गवताला खरा मार बसतो तो या दुसऱ्या घासाने. लोक जनावरं मोजत बसतात, मुक्काम मोजत नाहीत.

चौथ्यात शेणाचा पो काडीने उलटला. खाली शेणकिड्यांनी बोटाएवढी बिळं पाडलेली, माती भुसभुशीत. जंतासाठी आयव्हरमेक्टिन दिलं की ते शेणातून उतरतं आणि या किड्यांच्या अळ्या मरतात. म्हणून शेण तपासून, गरज असेल त्याच जनावराला औषध द्यावं.

सहाव्याच्या तारेला गवत टेकलं होतं. झटका तिथेच जमिनीत मुरतो. ते कापलं तरी तार मवाळच. तारेचा झटका जमिनीतून फिरून अर्थिंगच्या सळईकडे परततो, आणि त्या सळईभोवतीची माती कोरडी ठणठणीत! बादलीभर पाणी ओतल्यावर तार ताळ्यावर आली. दोन-दोन मीटरच्या तीन सळया, तीन-तीन मीटरवर ठोकल्या की ही कटकट बरीच कमी होते.

शेवटच्या कप्प्यात गवत गुडघ्याला लागत होतं. इथे अंदाज नको. एक चौरस मीटर मुठीवरून कापायचं, कडक वाळवायचं, तोलायचं. ४०० किलोच्या गाईला रोज वजनाच्या अडीच टक्के, म्हणजे १० किलो शुष्क चारा लागतो. चौघींचे तीन दिवसांचे १२० किलो. दहा गुंठे म्हणजे हजार चौरस मीटर, तेव्हा १२० ग्रॅम भरायलाच हवेत. तुडवणीत जातं ते धरून १५० बरे.

बाकीचे नऊ कप्पे फिरून गाई परत येईपर्यंत एका कप्प्याला २७ दिवस मिळतात. ही विश्रांती पावसाळ्यातली. ओल हटली की ४५-६० दिवसही कमी पडतात. फसगत होते ती नेमकी तेव्हा, कारण माणूस कॅलेंडर बघून फाटक उघडतो. अशा वेळी गाई एकाच कप्प्यात बांधून वाळका चारा घालावा. तो कप्पा उजाड होईल, बाकीचे नऊ वाचतील.

फिरत फिरत पुन्हा गाईंपाशी आलो होतो. मध्ये एकच तार. चौघीही गुडघाभर गवताकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या पायाखाली अजून दोन मुठी गवत शिल्लक होतं.