जोडीला अजून एक

घरात एक कुत्रं असलं की दुसऱ्याचा विषय कधी ना कधी निघतोच, आणि गंमत म्हणजे तो नेहमी कुत्र्याच्याच नावावर खपवला जातो. "एकटा पडतो हो बिचारा." "त्याला नको का कुणी सोबतीला?" हे बोलणं चालू असताना आमचा गंपू पंख्याखाली चारी पाय वर करून घोरत असतो. एकटेपणा इतका मानवलेला जीव मी माणसांत तरी पाहिलेला नाही.

आमच्याकडे, मैत्रिणींकडे, सकाळी फिरताना भेटणाऱ्या कुत्रेवाल्यांकडे ही चर्चा इतक्यांदा ऐकली आहे की आता माझं एक मत पक्कं झालंय. दुसरं पिल्लू आणण्याची हुक्की माणसाला दोनदा येते: पहिलं अजून पिल्लूच असतं तेव्हा, आणि पहिलं थकायला लागतं तेव्हा. आणण्याची खरी वेळ या दोहोंच्या मधली. नेमकं तेव्हा कुणी विषय काढत नाही, कारण घरात सगळं सुरळीत चाललेलं असतं.

पहिली हुक्की मला समजते. तीन महिन्यांचं पिल्लू घरभर दुडूदुडू धावतंय, दिसेल ते चावतंय, आणि झोपेवाचून डोळे तारवटलेली माणसं त्याच्या मागे फिरतायत. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, याचं भावंडही आणलं असतं तर दोघं एकमेकांत खेळली असती, आपण सुटलो असतो. खेळली असती, यात शंकाच नाही. अडचण तिथेच आहे.

साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस हे पिल्लाचे जगाशी ओळख करून घेण्याचे. अमेरिकेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून, निरखून हे मांडलं. १९६५ साली त्यांचं काम प्रसिद्ध झालं आणि पिल्लांबद्दलचा बराचसा सल्ला आजही त्यावरच उभा आहे. या दिवसांत जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही त्याचा पुढे धसका. दोन पिल्लं कायम एकत्र असली की एकाचं सगळं जग म्हणजे दुसरं पिल्लू. माणूस हा नुसता वाडगा भरणारा इसम.

कुत्र्यांना शिकवणारी मंडळी याला 'लिटरमेट सिंड्रोम' म्हणतात. नाव भारदस्त असलं तरी हा काही तपासून निदान करावा असा आजार नव्हे, आणि सख्खी भावंडं गुण्यागोविंदाने नांदलेली घरंही आहेत. पण त्या घरांनी काय केलं ते एकदा विचारावं. दोघांना वेगवेगळं फिरवलं, वेगवेगळं झोपवलं, वेगवेगळं शिकवलं. म्हणजे ज्या कष्टांतून सुटका व्हावी म्हणून जोडी आणली, तेच कष्ट दुप्पट. शूचा हिशोबही तसाच. पिल्लाच्या वयाचे महिने अधिक एक, तेवढेच तास ते फार तर कळ काढू शकतं, असा एक ढोबळ आडाखा आहे. दोघांचे तास कधीच जुळत नाहीत. एकाला बाहेर नेऊन आणावं तोवर दुसऱ्याने पायपुसण्यावर काम उरकलेलं असतं.

बरं, चार-पाच महिने दम धरला, पहिलं जरा शहाणं झालं, आता आणावं का? तर नाही. कारण आता ते वयात यायला लागतं. आठ महिन्यांचा गंपू मला लख्ख आठवतो. हाक मारली की थांबायचा, मान वळवून बघायचा, ऐकू आल्याची पोच म्हणून शेपूट एकदाच हलवायचा आणि पुन्हा गवतात नाक खुपसायचा. मी तीनदा ओरडले तरी ढिम्म. शेजारच्या मुलीने साधं "ये" म्हटलं की मात्र कान पाडून धावत तिच्या पायाशी. मला तो वैयक्तिक अपमान वाटायचा. पुढे कळलं की त्यात शास्त्र आहे. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी अंध व्यक्तींच्या सोबतीसाठी वाढवल्या जाणाऱ्या कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच महिन्यांची असताना सांभाळणाऱ्या माणसाचं "बस" ऐकणारी तीच कुत्री आठव्या महिन्यात त्याचं ऐकेनाशी झाली. परक्याचं मात्र ऐकत होती. म्हणजे उद्धटपणा खास घरच्यांसाठी राखीव.

या वयातल्या कुत्र्याच्या हाताखाली नवं पिल्लू द्यायचं म्हणजे काय होईल, हे वेगळं सांगायला नको. पिल्लं बघून बघून शिकतात. २०१८ साली हंगेरीतल्या संशोधकांनी आठ आठवड्यांच्या पिल्लांसमोर खाऊची बंद पेटी ठेवली होती. ती कशी उघडायची हे पिल्लांनी अनोळखी कुत्र्याकडे बघून आणि माणसाकडे बघूनही उचललं. तेव्हा "मोठा धाकट्याला वळण लावेल" ही आशा खोटी नाही. फक्त मोठ्याला आधी वळण हवं. दारावर बेल वाजली की आकाशपाताळ एक करायचं, हेही धाकटा तितक्याच तत्परतेने शिकतो.

हा वाह्यातपणा लहान जातींत वर्ष-दीड वर्षात ओसरतो, थोराड जातींत दोन वर्षंही घेतो. मग अचानक एक दिवस लक्षात येतं की बऱ्याच महिन्यांत चप्पल हरवलेली नाही. हाकेला येतो, दोरी ओढत नाही, पाहुण्यांच्या अंगावर उडत नाही. हीच ती मधली वेळ. माझ्या मते पहिलं कुत्रं दोन-तीन वर्षांचं झाल्यापासून ते पाच-सहाचं होईपर्यंत कधीही. पण वयाचा आकडा काही एकटा पुरत नाही. दोन-तीन गोष्टी बघाव्या लागतात.

एक म्हणजे, ते एकटं राहू शकतं का? आपण बाहेर पडल्यावर जे कुत्रं दार ओरबाडतं, रडून गल्ली डोक्यावर घेतं, त्याच्यासाठी लोक हमखास जोडीदार आणतात. त्याला उणीव बहुतेकदा माणसाची असते, कुत्र्याची नव्हे. जोडीदार आणल्यावर रडणारं एकच राहिलं तर नशीब. नवं पिल्लू जुन्याचं बघून सूर धरतं आणि मग घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं.

दुसरी गोष्ट, परक्या पिल्लाशी ते वागतं कसं? हे घरबसल्या कळत नाही, पाहावंच लागतं. एकदा एक मैत्रीण तिचं दहा आठवड्यांचं पिल्लू घेऊन आली. त्याच्या लशी चालू होत्या आणि गंपूच्या वेळच्या वेळी झालेल्या, म्हणून हिंमत केली. पिल्लाने दारातूनच गंपूकडे झेप घेतली आणि त्याचा कान पकडला. दुधाच्या दातांची टोकं सुईसारखी असतात, ज्याने बोटावर झेलली आहेत त्याला माहीत. गंपूने आधी तोंड फिरवलं. मग जिभेने नाक चाटलं. मग उठून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. पिल्लू तिथेही हजर, पुन्हा कानाला लटकलं. आता गंपूचा वरचा ओठ जरासा वर गेला आणि घशातून एक खोल गुरगुर आली. मैत्रीण उठायला लागली, मी तिला हाताने थांबवलं. पिल्लाला अजून पत्ता नव्हता. तेव्हा गंपूने त्याच्या नाकापासून चार बोटांवर हवेतच दात आपटले. कट्ट. पिल्लू धपकन बुडावर बसलं, आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने पाहिलं आणि बेताने, पोटावर सरकत, सुरक्षित अंतर ठेवून आडवं झालं. पाच मिनिटांनी गंपूने पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर केला. म्हणजे चल, आता खेळू.

त्या गुरगुरीला आपण रागावतो, ते चूक. ती नोटीस आहे. नोटीस देण्याबद्दल कुत्र्याला ओरडा बसत गेला तर ते पुढे नोटीस न देता चावतं. मात्र सगळी शिकवणी मोठ्यावर सोडूनही भागत नाही. त्याला कंटाळा आला की जाता येईल अशी, पिल्लाला मज्जाव असलेली एक जागा हवी.

बाकीचं थोडक्यात. पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागेत. वाडगे, गाद्या, खेळणी अलग. नवख्याच्या लशींचा पहिला क्रम साधारण सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर त्याला कुठे न्यायचं ते डॉक्टरांना विचारून. नर-मादी आणणार असाल तर नसबंदीचं आधी ठरवा, कारण मादी सहा-सात महिन्यांचीही माजावर येऊ शकते आणि कुत्र्यांना नाती कळत नाहीत. दोन माद्या असतील तर भांडणं कमी होतील हा समज मनातून काढा. झाली तर ती फार विकोपाला जातात.

राहिली दुसरी हुक्की, म्हाताऱ्या कुत्र्याच्या घरातली. तिची थट्टा करायला माझी जीभ रेटत नाही. "पिल्लू आलं की याला जरा तरतरी येईल," असं म्हणतात, आणि कधी कधी येतेही. पण बऱ्याचदा त्याचे सांधे दुखत असतात, ऐकू कमी आलेलं असतं, आणि झोपेत कुणी अंगावर उडी मारली तर ते दचकून चावतं. तरतरी त्याला हवी असते की रिकाम्या घराच्या भीतीने आपल्याला, एवढं एकदा स्वतःशी कबूल करावं. मग खुशाल आणावं. पिल्लाला आधी आपण दमवायचं आणि मगच आजोबांच्या खोलीत सोडायचं, एवढी तयारी मात्र हवी.

यातच मधल्या वेळेचा एक हिशोब दडलेला आहे, जो तरुणपणी कुणी मांडत नाही. कुत्र्याचं आयुष्य ढोबळमानाने दहा ते तेरा वर्षं, थोराड जातींचं त्याहून कमी. एकाच वयाची जोडी एकत्रच म्हातारी होते. जिने चढवायलाही दोघं, औषधांच्या वेळाही दोघांच्या, आणि निरोपही पाठोपाठ. तीन-चार वर्षांचं अंतर असलं की माणसाला मधे श्वास घ्यायला फट मिळते.

गंपू आता चार वर्षांचा आहे. परवा विषय मीच काढला आणि नवऱ्याने पेपरातून डोकं वर न काढता "रात्री कोण उठणार?" एवढंच विचारलं. बऱ्याच वाटाघाटींनंतर काही कलमं मंजूर झाली आहेत. पिल्लू आठ आठवड्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. आणण्याआधी गंपूला त्याच्याशी दोनदा तरी भेटवायचं, आणि त्याने नाक मुरडलं तर तो विषय बंद. पहिला महिना दोघांपैकी एकाने रजा घ्यायची. कोणी, यावर अजून बोलणी अडली आहेत.