चौथ्या रांगेतला उजेड

कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहात रविवारी साडेबाराचा प्रयोग होता. फोन सायलेंटवर टाकला होता, त्यामुळे मी स्वतःवर खूश. दुसऱ्या अंकात मुलीचा मेसेज आला, ‘आंबे आणू का?’ मी मांडीवरच फोन धरून ‘आण’ एवढंच टाइप केलं. मान वर केली तर समोरची अभिनेत्री वाक्याच्या मध्येच अर्धा क्षण अडखळली होती. लगेच सावरली. बायकोला कळलंही नाही.

मला कळलं. राज्य नाट्य स्पर्धेत आमच्या बँकेच्या संघासाठी मी सहा वर्षं प्रॉम्प्टिंग केलंय, म्हणजे अडलेल्या नटाला पडद्याआडून ओळ सांगायची. विंगेतून मला अंधारात फोनच्या उजेडाने पेटलेला प्रेक्षकाचा चेहरा दिसायचा, आणि तो कुणाचा आहे ते शोधण्यात माझी ओळ चुकायची.

२०१९ मध्ये नाशिकला मोबाइल वाजत राहिला म्हणून अभिनेते सुमीत राघवन यांनी प्रयोग थांबवला होता. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक जण म्हणाले, “पैसे मोजलेत आम्ही.” मी त्याला अंगठा दिला होता. का दिला कुणास ठाऊक.

बालगंधर्वांची गोष्ट आपण सगळेच सांगतो. १९११, ‘मानापमान’चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेलेली, तरी ते उभे राहिले. रसिक मायबाप! लहानपणापासून ही गोष्ट मी नटाच्या निष्ठेची म्हणून ऐकली. पण खरे मायबाप असते, तर त्यांनी म्हटलं नसतं का, ‘जा बाबा घरी, आम्ही परत येऊ’? नटाने काय सोसावं याचे आपल्याकडे ढीगभर दाखले आहेत. प्रेक्षकाने काय सोसलं, असा एक तरी दाखला आठवतोय का? साधे आंबे तासभर थांबत नाहीत आपले.

प्रयोग संपल्यावर आत गेलो. ती कोल्ड क्रीम लावून मेकअप पुसत होती. म्हटलं, “मघाशी चौथ्या रांगेत फोन बघत होता तो मी. सॉरी.”

ती हसली. “काका, चौथ्या रांगेत तिघं होते. तुम्ही कुठले?”

“कडेचा.”

“मग नाही. मी मधल्यामुळे अडखळले.”

काय बोलणार यावर!

परवा फोन स्कूटरच्या डिकीतच ठेवून गेलो. मध्यंतरात बटाटेवडा घेतला, तर खिशात सुट्टे नाहीत आणि जीपे डिकीत. मागच्या एका आजोबांनी माझे पैसे दिले. स्वतःच्या फोनवरून.