आधी घोडीची पाठ, मग लेकीची मांड

जर्मनीतलं फेर्डन हे घोड्यांचं गाव. हानोव्हर जातीच्या घोड्यांचा लिलाव इथेच होतो. लेक इथे दोन वर्षांपासून ड्रेसेज शिकतेय, म्हणजे घोड्याला ठरलेल्या चालींत नेमकेपणानं चालवण्याचा खेळ. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई खेळांत भारतानं ड्रेसेजचं सांघिक सुवर्ण जिंकलं, त्या चमूत मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून घरी फोनवर हा खेळ समजावून सांगणं सोपं झालंय.

आता प्रश्न होता खोगिराचा. इतके दिवस ती तबेल्यातलं, उड्यांनाही चालणारं खोगीर वापरायची. त्याचे पाखे, म्हणजे दोन्ही बाजूंना पायाखाली लोंबणारे चामड्याचे भाग, पुढे झुकलेले असतात, त्यामुळे गुडघा वर येतो. ड्रेसेजच्या खोगिराचे पाखे लांब आणि सरळ असतात, म्हणजे पाय मोकळा खाली सुटतो.

पहिलं पाहिलं ते खोल बैठकीचं, गुडघ्यापुढे जाड उशा असलेलं. लेक त्यात इतकी स्थिर दिसली की मी पैसे द्यायला निघाले होते. तिच्या शिक्षिकेनं थांबवलं आणि लहान उशांचं दुसरं खोगीर चढवलं. दुडक्या चालीत पोरगी चांगलीच हिंदकळली. "मघाशी खोगीर तिला धरून बसलं होतं," बाई म्हणाल्या, "आता ती स्वतः बसायला शिकेल." मला ते पटलं. वाढत्या वयात मांड पक्की व्हायला हवी, जखडायला नको.

पण जीनगर, म्हणजे खोगीर बसवून देणारा कारागीर, आला, त्यानं लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी घोडीच्या पाठीवरून हात फिरवला. मानेच्या बुडाशी उंचवट्यावर दोन-तीन बोटं जागा राहते का, खांद्याचं हाड मोकळं हलतं का, खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जातं का, सगळं तपासलं. मग लेकीला वीस मिनिटं फिरवून खोगीर उचललं. घामानं भिजलेल्या पाठीवर खांद्यापाशी तळहाताएवढा कोरडा डाग! तिथे दाब पडत होता. तेही बाद.

शेवटी जमलं ते साडेसोळा इंची, वापरलेलं, आत लोकर भरलेलं. खालच्या गादीला बारीक चीर असते, त्यातून लोखंडी सळईनं लोकरीचे पुंजके चेपत त्यानं डावी बाजू उचलून घेतली. 'खोगीरभरती' शब्द मी जन्मभर वापरला, ती प्रत्यक्षात इतक्या नजाकतीनं करतात हे त्या दिवशी कळलं. घोडीचे स्नायू बदलतील, पोरगी उंच होईल, म्हणून सहा महिन्यांनी तो पुन्हा येणार आहे.

काल सराव संपल्यावर लेकीनं तंग, म्हणजे घोडीच्या पोटाखालचा पट्टा, सोडला, खोगीर उतरवलं आणि सगळ्यात आधी घोडीची पाठ पाहिली. "आई, दोन्हीकडे सारखी ओली आहे!"